बोगीच्या रंगाची डबी

चाचा कोणत्याही वस्तूला आधी हातोडीने टकटक करत आणि मग मान वाकडी करून ऐकत. वीतभर दांड्याची ती हातोडी कायम त्यांच्या खिशात असायची. बाजारात कलिंगड घेतानाही ती बाहेर निघे, आणि टपरीवर चहाच्या रिकाम्या ग्लासावर त्यांनी ती वाजवलेली मी स्वतः पाहिली आहे. "बोलती का बघू," असं म्हणायचे. आवाज पसंत पडला की हातोडी खिशात जाई. नाही पडला, तर कलिंगडवाल्याची धडगत नसे.

सारी नोकरी दौंडच्या रेल्वे शेडमध्ये गेलेली. इंजिनांच्या धडधडीने त्यांना माणसांचं बोलणं कमी ऐकू यायचं, पण सैल झालेला नट बरोबर ऐकू यायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती कुणाचं ऐकत नाहीत आणि लोक मात्र त्यांचं ऐकतात. मला असली माणसं कधीच आवडली नाहीत. चाचांबद्दल तर मी निर्मळ मनाने लिहू शकणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी गाडी त्यांनी नेली.

माझी म्हणजे तशी माझ्या मामांची. निमोण्याला मामांच्या गोठ्यामागे एक छप्पर होतं आणि त्यात दुसऱ्या लढाईच्या आधीची एक छोटी विलायती मोटार उभी होती. कुणा साहेबाने देश सोडताना ती आजोबांना देऊन टाकली होती. घरात तिला डबी म्हणत. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. सुट्टीत मामांकडे गेलो की मी पुढे बसून स्टिअरिंग फिरवायचो, तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचो आणि पार मुंबईला जाऊन जेवायच्या वेळेला परत यायचो. पुढे शिरूरला मी गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, तेही त्या डबीच्याच नादाने. दर दिवाळीला मामांना विचारायचो, "मामा, डबी कवा देताय?"

मामा म्हणायचे, "बघू."

नव्वद साल उलटून गेलं होतं. चाचा नुकतेच निवृत्त झाले होते आणि खेडोपाडी फिरून विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करत होते. मामांचं इंजिन दुरुस्त करायला ते निमोण्याला आले, हात धुवायला गोठ्यामागे गेले आणि त्यांनी डबी पाहिली. हातोडी निघाली. पुढच्याच आठवड्यात माझी डबी उसाच्या ट्रॉलीत चढून दौंडला गेली. मागच्या सीटवरच्या कोंबड्या उतरवल्या त्यासुद्धा वाटेत न्हावऱ्यात, असं म्हणतात.

मी तणतणत मामांकडे गेलो. "मी सख्खा भाचा. इतकी वर्षं मागत होतो. आन् तुम्ही उपऱ्याला दिली?"

मामा शांतपणे तंबाखू मळत होते. "तू इचारायचा, कवा देताय. त्यांनी इचारलं, हिला काय झालंय."

मी जेवायला न थांबता परत आलो.

तेव्हापासून दौंडला माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. निमित्त काहीही असे. कधी उधारी, कधी लग्न, कधी नुसताच बाजार. खरं कारण एवढंच की डबी अजून बंदच आहे ना, ते डोळ्यांनी पाहून यायचं. इंजिन घट्ट जाम झालेलं होतं. चाचांनी त्याचे प्लग काढून आत रॉकेल आणि डिझेल ओतून ठेवलं होतं. रोज सकाळी नमाज झाला की ते पुढे हँडल लावून हलकासा झोका द्यायचे, ऐकायचे आणि हँडल काढून ठेवायचे.

"जोर लावा की चाचा," मी म्हणालो.

"जोर लावला तर मोडंल. रुसलेल्या माणसाला वढून पाटावर बसवत न्हाईत, भाचेबुवा."

मामांचा भाचा म्हणून ते मला भाचेबुवा म्हणायचे. त्या शब्दानेही माझं डोकं फिरायचं. "सुटलं का?" असं विचारलं की म्हणायचे, "आज न्हाई. उद्या." ते 'उद्या' महिनोन्‌महिने चाललं. मी आनंदाने शिरूरला परतायचो आणि बायकोसाठी वाटेत भेळ घ्यायचो.

एका सकाळी दुकानातला फोन वाजला. पलीकडून चाचा एवढंच म्हणाले, "ऐका." मग रिसिव्हर त्यांनी कुठेतरी धरला आणि मला फट फट, फट फट असा आवाज ऐकू आला. मध्येच खोकल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. लहानपणी मी तोंडाने जो आवाज काढायचो, त्याच्याशी त्याचं काही साम्य नव्हतं. मी "अभिनंदन" म्हणालो, फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाने ट्रॅक्टरचा पट्टा मागितलेला असताना त्याला जीपचा दिला.

डबीला टायर मिळेनात. मोठ्या मोटारसायकलचे टायर तिच्या चाकांना बसतात हे चाचांनी शोधून काढलं आणि ते टायर मलाच मागितले. मी दिले. काय करणार, दुकान उघडून बसलो होतो. गाद्यांना त्यांनी जुन्या डब्यांतल्या बाकांसारखं हिरवं रेक्झीन मढवलं. मग रंगाची वेळ आली. विलायतेहून आली तेव्हा डबी काळी होती. चाचांनी ती रेल्वेच्या बोगीसारखी तांबडी-किरमिजी रंगवली. त्या काळात रेल्वे बोग्या निळ्या करायला लागली होती आणि चाचांना त्याचा मनापासून राग होता. एवढ्यावर ते थांबले नाहीत. शेवटच्या डब्याच्या पाठीवर असते तशी मोठी पिवळी फुली त्यांनी डबीच्या पाठीवर काढली.

"आवो चाचा, मोटारीला फुली कशाला?"

"मागचं काय सुटून राह्यलं न्हाई, हे बघणाऱ्याला कळाय पायजे."

मी पोट धरून हसलो. पुण्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, तिथले परीक्षकही हसले. रंग मूळचा नाही, टायर मूळचे नाहीत आणि ही फुली काय, असं म्हणून त्यांनी डबीला बाद केलं. मी सोबत गेलो होतो. मला इतकं बरं वाटलं की मी चाचांना उसाचा रस पाजला. पण तासाभरात पाहतो तर सगळ्यात मोठी गर्दी डबीभोवती. बक्षीस मिळालेल्या गाडीचा मालक एकटाच फडकं मारत उभा होता. रस उगाच पाजला असं वाटलं.

चाचांना मिरवायची भारी हौस. डबी काढायची म्हणजे शेडमधला निळा कोट इस्त्री करून घालायचे, डोळ्यांत सुरमा, कानात अत्तराचा फाया. दौंडच्या एसटी स्टँडला वळसा घातल्याशिवाय डबी कधीच गावाबाहेर पडली नाही. आणि गावाबाहेर रेल्वे फाटक होतं. तिथला फाटकवाला चाचांचा जुना ओळखीचा. लांबून डबीचा भोंगा ऐकू आला की तो खोलीतून बाहेर यायचा, सरळ उभा राहायचा आणि हिरवी झेंडी दाखवायचा, एखादी मेल जावी तशी. डबी गेली की मागची फुली बघायचा आणि मगच आत जायचा. चाचा कपाळाला हात लावून सलाम करायचे. शेजारी डाव्या सीटवर मी असायचो. माझ्याकडे ना झेंडीवाला बघायचा, ना कुणी. गाडी मला हवी होतीच, पण त्या झेंडीने माझा पार जीव जाळला.

मीही पुढे नवी कोरी गाडी घेतली, चंदेरी, एसीची. दुकानासमोर उभी केली. चाचा आले, आणि मी ओरडेपर्यंत त्यांनी बॉनेटवर टकटक केलंसुद्धा. "पत्रा पातळ हाय," म्हणाले. "बोलत न्हाई." माझी बायको नव्या गाडीत बसताना साडीला चुणी पडते म्हणून कुरकुरायची. तीच बायको त्या दिवशी डबीत पदर खोचून बसली आणि शिरूरच्या बाजारातून फिरून आली. आल्यावर म्हणते, "चाचा किती सावकाश चालवतात नई?" मी दोन दिवस बोललो नाही.

एकदाच मी सगळा मान गिळून म्हणालो, "चाचा, एकदा मला चालवू द्या."

त्यांनी खिशातून हातोडी काढली. माझ्या गुडघ्यावर हलकेच टकटक केलं, मान वाकडी केली आणि बराच वेळ ऐकलं. "अजून न्हाई," म्हणाले. मामा शेजारच्या खाटेवर बसले होते. ते ठसका लागेपर्यंत हसले. तोवर मामा दर गुरुवारी एसटीने दौंडला जाऊन चाचांच्या अंगणात बसायला लागले होते. माझ्या दुकानात ते वर्षातून एकदा यायचे.

मग चाचा अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो तर अंगणात डबीवर ताडपत्री होती आणि चाची दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. चाचांचे हात वाळल्या काटक्यांसारखे झाले होते. मी खाटेजवळ बसलो. त्यांनी उशीखाली चाचपून हातोडी काढली आणि माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. मान वाकडी केली. इतक्या वर्षांचं उत्तर आज मिळणार होतं.

"मला आता कायबी ऐकू येत न्हाई, भाचेबुवा," ते म्हणाले. "तुमचं तुम्हीच बघा."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त रागही आला. हो किंवा नाही एवढंच तर सांगायचं होतं.

चाचा गेल्यावर त्यांच्या मुलांनी मामांना गाडी परत न्या म्हणून सांगितलं. मुलं बाहेरगावी, चाची एकट्या, डबीकडे बघणार कोण? मामांनी मला बोलावून किल्ली हातात दिली. "घे. कवा देताय, कवा देताय म्हणायचा ना."

डबी दौंडहून निमोण्याला न्यायची होती. मामा डाव्या सीटवर बसले. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हँडल मारलं आणि ती लगेच सुरू झाली, माझ्यासाठी एवढी एक गोष्ट तिने केली. स्टँडला मी वळसासुद्धा घातला. फाटक जवळ आलं तसा मी भोंगा वाजवला, जरा जास्तच वेळ.

फाटकवाला धावत बाहेर आला. झेंडी अर्धी उलगडलेली होती. त्याने डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. झेंडी काठीभोवती पुन्हा गुंडाळली आणि काखेत धरली.

मी वेग कमी केला. वाटलं, विसरला असेल.

"चल, पुढं घे," मामा हळूच म्हणाले.

रूळ ओलांडल्यावर मी आरशात पाहिलं. तो आत गेला नव्हता. झेंडी काखेत धरून, सरळ उभा राहून, आमच्या पाठीवरची फुली बघत होता. त्यानंतर मी किती वेळा त्या फाटकावरून गेलो असेन. तो दर वेळी बाहेर येतो. झेंडी मात्र अजून उघडत नाही.