घरच्याच डब्याला लाल चिठ्ठी

आमच्या गल्लीत तिला सगळे ड्रायव्हरबाई म्हणतात. पूर्वी ती कचऱ्याच्या गाडीमागे धावत पिशव्या उचलायची. नगरपालिकेने नवी दोन कप्प्यांची गाडी आणायची ठरवली, तेव्हा ती ड्रायव्हिंग शिकून, लायसन्स काढून सरळ मुकादमाकडे गेली आणि म्हणाली, "स्टिअरिंग मला द्या."

"गल्ली अरुंद, गाडी रुंद. जमेल?"

"साहेब, या गल्लीत मी पाठमोरी धावलेय. गाडीही पाठमोरी घालून दाखवते."

आणि गाडी आली त्या दिवशी घातलीही. दोन्हीकडच्या ओट्यांवर उभी राहून सगळी गल्ली बघत होती. कुणाच्या कुंडीलासुद्धा धक्का लागला नाही.

गाडीपाठोपाठ नवा नियम आला. आता सगळं एका पिशवीत कोंबून चालणार नव्हतं. हिरव्या झाकणाच्या डब्यात ओला कचरा, निळ्या झाकणाच्या डब्यात सुका. सरमिसळ दिसली की डब्याला लाल चिठ्ठी लागायची आणि डबा भरलेलाच दारात राहायचा. गल्लीने अर्थातच कुरकुर केली. कोपऱ्यावरचे शिंपीमास्तर म्हणाले, "कचरा तो कचरा! निवडत बसायला ते काय तांदूळ आहेत?" ड्रायव्हरबाई खिडकीतून म्हणाली, "मास्तर, तुम्ही कापडं मापून कापता ना? तसंच समजा." मास्तर हसले आणि सुधारले. बाकीचेही हळूहळू रुळले.

खरी पंचाईत झाली ती तिच्याच दारात.

तिची सासू घरातले डबे स्वतः बाहेर ठेवायची. म्हातारी मोठी काटेकोर. आयुष्यभर तिने एकटीने घर ओढलं होतं, चमच्याची जागाही तिच्याकडे ठरलेली. पण त्या सकाळी हिरवं झाकण उघडलं तर आत बाटल्या आणि कागद, आणि निळ्यात भाजीची देठं. गाडीवरचा जोडीदार अंगाने काडीसारखा, म्हणून त्याचं नाव पैलवान. तो दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, घरचाच आहे. ओतून टाकू?"

समोरच्या तिन्ही दारांत माणसं उभी होती. ड्रायव्हरबाईने एकवार सासूकडे पाहिलं.

"ओतू नकोस. चिठ्ठी लाव."

"अगं, मला चिठ्ठी?" सासूचा आवाज चढला.

"तुम्हाला नाही, आई. डब्याला."

गाडी पुढे गेली, पण घरात अबोला सुरू झाला. नवरा पंखे दुरुस्त करतो; स्वभावाने गरीब. तो बिचारा इकडे आड तिकडे विहीर अशा अवस्थेत दोघींमध्ये ताटं वाढत फिरायचा. शेवटी सासूच बोलली, पण मुलाशी. "सांग तुझ्या बायकोला, मी सगळं नीट निवडून टाकलं होतं. हिला चारचौघांत माझा पाणउतारा करायचा होता."

पुढच्या खेपेलाही तेच झालं. मात्र या वेळी ड्रायव्हरबाई चिठ्ठी लावता लावता थांबली. कचरा सरमिसळ नव्हताच. ओलं एकीकडे, सुकं एकीकडे, अगदी कागदाच्या घड्यासुद्धा घातलेल्या. फक्त डब्यांची अदलाबदल झाली होती. सासू खोटं बोलत नव्हती.

काम संपवून घरी आल्यावर तिने दोन्ही झाकणं धुतली आणि सासूपुढे धरली.

"आई, यातलं हिरवं कुठलं?"

"आता मला बालवाडीत घालणार आहेस का?"

"सांगा तर."

सासूने बोट दाखवलं. निळ्यावर. मग सुनेचा चेहरा बघून बोट दुसऱ्या झाकणाकडे नेलं, आणि मग हात खाली घेतला.

"दोन्ही सारखीच मळकट दिसतात गं," ती म्हणाली. "मला वाटलं, आपला दिवाच मंद झालाय. सुईतही मी हल्ली चाचपूनच दोरा ओवते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर चूल काढून घेतली असती तुम्ही."

ड्रायव्हरबाई तिच्याशेजारी फरशीवरच बसली. "चूल तुमचीच राहील. पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे उद्याच जायचं. यात माझं ऐकायचं."

मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत सुनेने हिरव्या डब्याच्या कडीला जाड सुतळी गुंडाळून दिली. हाताला लागली की ओला. सासूची चूक तिथेच थांबली.

ड्रायव्हरबाई मात्र तेवढ्यावर थांबली नाही. गल्लीतल्या निवृत्त मास्तरीणबाईंनाही पूर्वी चिठ्ठी लागली होती आणि तेव्हापासून त्या कुणाशी बोलत नव्हत्या. ती त्यांच्याकडे सुतळी घेऊन गेली. मग तडक मुकादमाकडे. "म्हाताऱ्या माणसाच्या डब्याला चिठ्ठी लावायच्या आधी दार वाजवायचं. आणि सुतळीचं एक बंडल द्या."

"हे नियमात बसत नाही, बाई."

"नियमाच्या आड तरी कुठे येतंय?"

मुकादमाने डोकं खाजवलं आणि बंडल दिलं. पुढे इतर गाड्यांवरही त्याने सुतळी पाठवली, आणि कल्पना आपलीच असल्याच्या थाटात सांगत सुटला. ड्रायव्हरबाई म्हणाली, "सांगू दे. सुतळी पोचली ना?"

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा सासूने आधी सुनेकडे पाहिलं. "अगं, तू एवढी रापलीस कधी? टोपी घालत जा." मग तिने भिंतींकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आणि हे काय! या कळकट घरात मी पाहुणे बसवत होते?"

शिंपीमास्तर तब्येत विचारायला आले. जाता जाता म्हणाले, "सून मात्र कडक आहे हो तुमची."

"आहेच," सासू म्हणाली. "माझ्या हाताखाली तयार झालीय."

येत्या सुट्टीला भिंती घासायचं ठरलंय. मुलाला शिडी आणायला सांगितली आहे, आणि सासू आतापासूनच कुठे किती डाग आहेत ते दाखवत घरभर फिरतेय.