एअर मार्शलला दिलेला नारळ

मी हे सांगणार नव्हतो. आमच्या सूनबाईनं, अश्विनीनं, मंडळाच्या दिवाळी अंकाला "आमचे तात्या लिहून देतील" असं मला न विचारता कबूल करून टाकलं. आता रोज चहाचा कप पुढं ठेवताना "तात्या, किस्सा?" म्हणून विचारते. चहा गोड लागेना झाला, म्हणून लिहितो. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा ज्याला शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं सरळ पान उलटावं. माती मी आयुष्यात फार वेळा खाल्ली नाही, पण त्या दिवशी पोटभर खाल्ली.

आधी मी कोण ते सांगतो. बार्शीत माझा बँड होता. लग्नाचा. क्लॅरिनेट माझी, मास्तर मीच. उभी हयात वराती वाजवण्यात गेली. लाल कोट, छातीवर सोनेरी दोऱ्या, खांद्यावर हे एवढाले झुपके, टोपीला तुरा. बायको गेली आणि मुलानं, सुनीलनं, मला इथं अमेरिकेत, कॅरी गावात आणून ठेवलं. येताना मी दोनच वस्तू हट्टानं आणल्या. एक क्लॅरिनेट आणि दुसरा माझा ड्रेसमधला फोटो. सुनीलनं फोटो हॉलमध्ये लावला नाही. दाराशी, चपलांच्या रॅकवर लावला. म्हणाला, "तात्या, तिथं उजेड चांगला येतो." मी पण येडा, मला खरं वाटलं.

इथं म्हाताऱ्या माणसाला काम काय? कचऱ्याचा डबा रस्त्याकडंला नेणं आणि रिकामा झाला की परत आणणं. शेजारच्या घरी तेच काम एक गोरा म्हातारा करायचा. जेफरी. मूळचा इंग्लंडचा. मुलगी इथं औषधाच्या कंपनीत, बायको वारलेली, मुलीनं आणून ठेवलेला. म्हणजे माल तोच, रंग तेवढा वेगळा. डब्यापाशी ओळख झाली. मला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही, त्यामुळं भांडणाचा प्रश्नच नव्हता.

एक दिवस त्यानं मला घरात नेलं. भिंतभर फोटो. बघतो तर काय, माणूस माझ्याच धंद्यातला.

हसू नका. तुम्ही काय समजला असता? निळा कोट, बाहीला सोनेरी पट्ट्या, खांद्यावरनं लोंबणारी सोनेरी दोरी, छातीला बिल्ले, काखेत छडी. छडी कुणाच्या काखेत असते? बँडमास्तरच्या. मग?

त्यानं मला एकेक फोटो दाखवत सगळी जिंदगी सांगितली. मलाही सगळी समजली. पहिल्या फोटोत मिसरूड न फुटलेलं पोरगं, कान बाहेर आलेले, एका मिशीवाल्यासमोर ताठ उभं. उमेदवारीचे दिवस. आम्हीपण पोरं अशीच झांजेवर घ्यायचो. मग विमानाच्या शिडीवर उभा. बाहेरगावची सुपारी. आम्ही टेम्पोनं जायचो, हा विमानानं. मग वाळवंटात तंबू. अरबाचं लग्न असणार. मग मैदानभर माणसं रांगेत आणि सगळ्यांच्या पुढं हा. केवढा तो ताफा. मग झुंबराखाली कुणी बडा माणूस याला बिल्ला टोचतोय. वरपिता खूश झाला असणार.

एका फोटोपाशी मात्र तो थांबला. त्याच्या शेजारी दात काढून उभा असलेला एक पोरगा. जेफरीनं त्याच्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मी समजलो, याचा ट्रम्पेटवाला गेला. माझापण गेला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घरी येऊन खात्री केली. सुनील लॅपटॉपात तोंड घालून बसलेला.

"सुनील, त्या जेफरीच्या हाताखाली माणसं किती होती रे?"

"खूप, तात्या. हजारो."

"हजारो? सगळी पगारी?"

"हो तात्या, मीटिंग चालूय माझी."

"आणि बाहेरदेशी पण जायचे?"

"सगळीकडं जायचे. तात्या, प्लीज."

यानं मान वर केली असती ना, तर पुढचं काही झालं नसतं.

पुढं जेफरी एकदा आमच्या दारात आला आणि माझ्या फोटोसमोर टाचा जुळवून उभा राहिला. सुनीलला काहीतरी विचारलं. सुनीलनं तोंडातल्या तोंडात उत्तर दिलं. त्याचे कान लाल झाले.

"काय म्हणाला?"

"काही नाही. फोटो छान आहे म्हणाला."

एवढ्यात माझ्या नातवाचं, रोहनचं, लग्न ठरलं. मुलगी इकडचीच, अल्फारेटा गावची, माणसं मूळची नागपूरची. लग्न कॅरीतल्या हॉटेलात. प्रत्येकाला काम होतं. मला म्हणाले, "तात्या, तुम्ही फक्त आराम करा." आणि वरातीला काय, तर डीजे. बँडमास्तरचा नातू, आणि त्याची वरात डब्यातल्या गाण्यावर?

मी म्हटलं, "डीजे कॅन्सल करा. बँड मी आणतो."

"इथं कुठून आणणार तात्या?" अश्विनी.

"धंदा माझा का तुझा?"

"लेट हिम, डॅड. इट्स ओके," रोहन म्हणाला. गुणी पोरगा.

वरातीपुरता डीजे कॅन्सल झाला. सुनील मला बाजूला घेऊन म्हणाला, "तात्या, माझं सगळं ऑफिस येणार आहे. माझी फजिती करू नका." म्हणजे आता माझ्या शब्दावर नातवाची वरात उभी.

मी रीतसर गेलो. नारळाला कुंकू लावलं, वर सुपारी ठेवली, पत्रिका ठेवली आणि जेफरीच्या हातात दिलं. आमच्या धंद्यात नारळ हातात घेतला की सुपारी पक्की. मग फोटोतल्या ड्रेसकडं बोट दाखवलं. हे घालून यायचं. त्यानं माझ्याकडं बघितलं, ड्रेसकडं बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले. बिचाऱ्याला कामं मिळत नसतील बरेच दिवस, असं मला वाटलं.

लग्नाचा दिवस. हॉटेलच्या पार्किंगमध्ये रोहन घोड्यावर. दोस्त जरीच्या शेरवान्यांत नाचायला तयार. दारात व्याही मंडळी आरती घेऊन उभी. मी क्लॅरिनेट घरीच ठेवली होती. सुपारी दुसऱ्याची असली की आपण वाद्य काढायचं नसतं.

गाडी आली. जेफरी उतरला. पांढरे हातमोजे, बिल्ले, पोटावर ताणलेला कोट. मी त्याच्या मागं बघितलं. कुणी नाही. डिकी उघडायला लावली. एक छत्री. म्हटलं, ताफा दुसऱ्या गाडीनं येत असेल.

तेवढ्यात त्यानं दोन्ही हातांनी माझ्यापुढं काहीतरी धरलं. चंदेरी कागद, वर रिबिन. मी कागद फाडला. माझाच नारळ.

आता आमच्या धंद्यात नारळ परत आला म्हणजे काय, माहितीय? सुपारी मोडली. आणि ही कुठं मोडली? दारात.

माझं डोकं फिरलं.

"अरे हा काय धंदा झाला? नवरा घोड्यावर चढल्यावर नारळ परत देतोस? ताफा कुठाय तुझा? आणि वरचं बटण बघ, उघडंय. ज्या ड्रेसवर पोट भरलं त्याची तरी लाज ठेव."

मी बटणाकडं बोट केलं. त्यानं खाली बघितलं, पांढराफटक पडला, बटण लावलं आणि खाडकन सलाम ठोकला.

"सर," म्हणाला.

मी जितका ओरडेन तितका तो ताठ.

सुनील धावत आला. "तात्या, गप्प बसा. अहो एअर मार्शल आहेत ते. ब्रिटिश हवाई दलाचे."

"असू दे. बँड कुठाय?"

"कसला बँड? विमानं उडवायचे ते. लढाईतली."

मग माझ्या डोळ्यांपुढनं ती भिंत गेली. शिडी, तंबू, मैदान. आणि तो दात काढणारा पोरगा. मला बसावंसं वाटलं, पण पार्किंगमध्ये खुर्ची नव्हती.

जेफरी सुनीलच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. वरनं रोहननं ऐकलं आणि घोड्यावरनं पडायचाच बाकी राहिला. "आजोबा, ही वॉन्ट्स टु नो, जनरलसाहेबांचा पुढचा हुकूम काय?"

"कोण जनरल?"

सुनील बुटाकडं बघायला लागला. तेव्हा उलगडलं. त्या दिवशी दारात जेफरीनं विचारलं होतं, वडील काय करायचे. सुनील म्हणाला होता, "चाळीस वर्षं युनिफॉर्ममध्ये काढली." बास. 'बँडवाले' हा शब्द त्याच्या तोंडातनं निघाला नाही. जेफरीनं फोटोतल्या माझ्या दोऱ्या न् झुपके बघितले. त्याच्यापेक्षा जास्त. म्हणजे हुद्दा वरचा, आणि नारळ म्हणजे लग्नाला आणायचा आहेर.

आरती विझायला आली होती. मी म्हटलं, घ्या. दाराकडं हात केला. "चल, ने वरात."

जेफरी गर्रकन वळला आणि अशी आरोळी ठोकली की घोडासुद्धा सरळ झाला. सॉफ्टवेअरची सगळी पोरं रांगेत. लेफ्ट, राइट, लेफ्ट, राइट. फेटे, शेरवान्या, मोजड्या, सगळं एका तालात. ना ढोल, ना पिपाणी. नुसते पाय आणि म्हाताऱ्याचा आवाज. व्याही मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कॅरीत अशीच पद्धत असेल.

आत गेल्यावर व्याह्यांनी मला नमस्कार केला. "मिलिटरीत होतात, आम्हाला माहीतच नव्हतं."

मी स्पष्ट सांगितलं, "बँडवाला आहे मी. बार्शीचा."

ते पोट धरून हसले. "मोठे विनोदी आहेत हो जनरलसाहेब."

जेफरीला तरी खरं कळावं म्हणून दुसऱ्या दिवशी मी क्लॅरिनेट घेऊन डब्यापाशी गेलो आणि वरातीतलं चांगलं नाचायचं गाणं वाजवलं. तो कचऱ्याची पिशवी खाली ठेवून अटेन्शनमध्ये उभा राहिला. गाणं संपेपर्यंत हलला नाही. माझ्या पलटणीचं गीत समजला.

तेव्हापासून रोज सकाळी ब्रिटनचा एअर मार्शल मला सलाम ठोकतो आणि मी लुंगीवर, केळ्याच्या सालीसकट, तो घेतो. फोटो आता हॉलमध्ये आलाय. आल्यागेल्याला तो दाखवताना सुनील म्हणतो, "आमचे तात्या." पुढचं काही बोलत नाही.

जेफरीची माफी मी मागितली, खुणेनं का होईना. त्याला ती कळली नाही, त्यानं परत सलाम केला. माझी माफी मागायचा तेवढा एकजण राहिलाय. सुनील.