रहीमभाईचे पितळी जोड

पितळेच्या कामाचं असं असतं, कीस लुगड्याच्या निऱ्यांत शिरतो. घरी येऊन कितीही झटका, दुसऱ्या दिवशी परत दोन-चार कण चमकतातच. आमच्या कारखान्याचे किस्से तसेच. मी दहा वर्षं तिथं बसले. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, त्यात पहिली दोनदा! नातवंडं म्हणतात, आजी वाढवून सांगते. सांगते थोडं. कारखाना नाही का वाढला?

एवढं ध्यानात ठेवा, दहा वर्षं रहीमभाईचा जीव एका कागदात अडकला होता. वीज कंपनीचा पास, म्हणजे माल मंजूर असल्याचा कागद! तो मिळाला तर आमचा माल खांबावर चढणार. नाही मिळाला तर रहीमभाई परत लोटे घडवणार आणि आम्ही बाया आपापल्या चुलीपुढं.

*

आधी नंदुरबारात त्याचं भांडी घडवायचं दुकान होतं. एकदा सुरतेचा शेठ विजेच्या तारेला तार जोडायचा विलायती जोड घेऊन आला. पितळी, बोटाच्या पेराएवढा.

"असा बनवशील?"

"शेठ, लोटा बनवतो. त्याचं पिल्लू नाही बनणार?"

शेठ पाचशेची ऑर्डर देऊन गाडीला गेला, आणि रहीमभाईनं कपाळावर हात मारला. नाव विचारायचं राहिलं! भांडं म्हटलं की त्यावर नाव टाकायचं, ही त्याची बापजाद्यांची रीत. मी दुकानात भांडी घासायला होते. मला म्हणाला, "गोदाबाई, शेठच्या बायकोचं नाव काय?"

मला काय ठाऊक? मी दिलं ठोकून. "शांताबेन!"

पाचशे जोडांवर बारीक अक्षरात शांताबेन.

आठ दिवसांत शेठ धापा टाकत हजर. "ही शांताबेन कोण? घरात बायको तीन दिवस बोलत नाही!"

पण तार अशी घट्ट बसायची, की दुसरी ऑर्डर देऊनच गेला. बिननावाची.

*

ऑर्डरी वाढल्या, हात कमी पडले. बाया निवडायचं काम रहीमभाईच्या अम्माकडं. म्हातारी तोंडानं काही विचारायची नाही. पुढ्यात सूपभर खड्यांची डाळ ठेवायची. जिची बोटं चपळ, तिला स्क्रू बसवायला ठेवायची.

नवापूरकडच्या डोंगरातून मार्था आली. मी गुपचूप डाळीत मूठभर स्क्रू टाकले, म्हटलं बघू गंमत. तिनं डाळ एकीकडं केली, खडे एकीकडं, स्क्रू एकीकडं. त्यातले सात उचलून अम्मापुढं ठेवले. "ह्यांचे आटे झिजलेत. हे मालात घालता काय?"

रहीमभाईचं तोंड एवढंसं झालं. ते स्क्रू त्यानंच पास केले होते!

अम्मा म्हणाली, "रहीम, इसकू रख. और तू अंदर जा के दाल चुन."

मार्था पुढं आमची मुकादम झाली.

*

मग शेजारच्या जिनिंगच्या इंजिनावरून वीज घेतली. फळीवर दिवा लावलेला. जोड दोन तारांत बसवायचा, दिवा पेटला की माल चांगला.

तपासायला दगूबाई. अंगानं भरदार, मनानं भाविक. सकाळी आली, चपला दाराबाहेर काढल्या, ओलं अंगण तुडवत आत गेली, दिव्याला हात जोडले, आणि जोडाला बोट लावलं. असा झटका बसला, की बाई थेट कोळशाच्या पाट्यांवर!

रहीमभाई धावला. "अरे बाई, चप्पल पहनो!"

"देवपुढे चपला घालू का मी?"

"ये देव चप्पलवाले कू ही पावता है!"

दुसऱ्या दिवशी दगूबाईनं नव्या कोऱ्या चपला आणल्या. हळद-कुंकू लावून.

*

लढाई लागली आणि पितळ मिळेनासं झालं. जो वीज कंपनीला माल देतो त्यालाच पितळ, असा हुकूम. म्हणजे पास नाही तर पितळ नाही, आणि पितळ नाही तर कारखाना बंद.

रहीमभाईनं विजेच्या लायनीच्या जाड तारेसाठी मोठे जोड घडवायला घेतले. त्यातला एक कंपनीच्या साहेबाला दाखवायचा आणि पास मागायचा. पण ओतायला पितळ कुठंय? अम्मानं लग्नातलं पानदान दिलं. दगूबाईनं घंगाळ दिलं. मी आमच्या ह्यांचा लोटा उचलला.

हे पहाटे परसाकडं निघाले. "मन्हा लोटा कोठे शे?"

"भट्टीमा."

"आते मी काय लई जाऊ?"

"धीर धरा. पास व्हयना का खांबवर देखी ल्या."

चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घर कसं शांत होतं!

*

त्याच साली, ऐन अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कंपनीचा साहेब आला. अखाजीला आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात आणि झोका पाहिजे म्हणजे पाहिजे. त्या वर्षी दोरच सडका निघाला. कारखान्यामागं निंब होता. मी आणि दगूबाईनं लायनीची जाड तार घेतली. तुकडे आखूड पडले, म्हणून दोन्ही अंगांना मधोमध आपलाच एकेक मोठा जोड कसला. चार दिवस गल्ली झुलली. रहीमभाईला पत्ता नाही.

साहेब पुण्याकडचा. चष्मा, हॅट, बरोबर कारकून. आत काय झालं ते मला मार्थानं सांगितलं. साहेबानं जोड फिरवून फिरवून पाहिला. "ताण किती सोसतो?"

"बहोत, साहेब."

"बहोत म्हणजे किती? मोजायचं यंत्र दाखवा."

यंत्र कुठलं? साहेबानं वही मिटली. "मग पास देता येणार नाही."

रहीमभाई खाली बसला. अम्माचे माळेवरचे मणी थांबले. मार्थानं पेचकस पेटीत ठेवला. आणि तेवढ्यात मागून आवाज, कर्र... कर्र...

साहेब आवाजाच्या मागं मागं आला, त्याच्यामागं सगळे. झोक्यावर मी आणि दगूबाई, दोघी!

रहीमभाईची नजर वर गेली. "या अल्ला! मेरा माल झाड कू?"

साहेबही वरच बघत होता. "हा झोका कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "चार दिन व्हयनात, साहेब."

"कोण कोण बसलं?"

"गल्लीमा एक बाई ऱ्हायनी नही."

साहेबानं वही परत उघडली. दगूबाईला म्हणाला, "बाई, आपलं वजन किती?"

दगूबाईनं पदर सावरला. "पहिले तुमनी घरवालीनं वजन सांगा!"

रहीमभाईनं डोळे मिटून घेतले. आम्ही दोघी खाली उतरलो.

साहेबानं हॅट काढून कारकुनाच्या हातात दिली, चष्मा खिशात घातला, आणि फळीवर बसला. मी मागून ढकललं. एक. दोन. तिसऱ्याला त्याचे बूट निंबाच्या पाल्याला लागले, आणि तो वरूनच कारकुनाला ओरडला, "लिहा हो, पास!"

मी झोका थांबवायला हात पुढं केला, तर साहेब म्हणतो,

"बाई, तुम्ही कशाला थांबलात?"