रानहळदीला सांगली दाखवली

साठ सालानंतर आमच्याकडं जो तो ऊस लावत सुटला होता. माणसं स्वप्नंसुद्धा उसाचीच बघत. त्यात मी फुलं लावायचं काढलं, तीही रानफुलं. हे खूळ डोक्यात घातलं एका म्हाताऱ्या माळीबुवानं. पाचगणीच्या बंगल्यांत मडमांच्या फुलदाण्या भरण्यात त्याची हयात गेलेली. आमच्याकडं तो शेणखताकडं बघावं तसा बघायचा.

साताऱ्याच्या डोंगरात निवड सुरू झाली. तेरडा? दांडा पाण्यात सडतो, नापास. सोनकी? माळीबुवा म्हणाला, "ही फुलं म्हणायची का पुरळ?" शेवटी रानहळद पास झाली. हातभर दांडा, वर गुलाबी तुरा. तांब्यात ठेवली तर पंधरा दिवसांनी तांब्या काळा पडला, तुरा ताजाच.

थोरल्या भावानं विहिरीलगतचं दहा गुंठे रान दिलं.

"एक पावसाळा दिला तुला. फुलं खपली तर रान तुझं. न्हाईतर ऊस."

उन्हाळ्यात डोंगरातून तिचे गड्डे उकरून आणून लावले. श्रावणात रान असं फुललं, की वाटेवरचे बैल थबकायचे. जुड्या बांधून मी आणि माळीबुवा सांगलीच्या बाजारात गेलो. हारवाल्यानं जुडी सोडली आणि बोलता बोलता एकेक मान मोडायला घेतली.

"आवं, दांडा कशाला?" मी ओरडलो तर म्हणतो, "हारात काय बांबू ओवू?"

तेवढ्यात हळदीचे दोन व्यापारी आले. या लोकांनी जन्मभर हळदीचा जमिनीखालचा अर्धाच भाग बघितलेला.

"हळद हाय व्हय? मग गड्डा कुठाय रं?"

"गड्डा रानात. हे फूल विकायचं, फुलदाणीत ठेवायला."

"गड्या, आमच्यात फूल देवाच्या डोक्यावर, न्हाईतर बाईच्या. बरणीत लोणचं घालत्यात!"

सगळा बाजार हसला. आपण काय घालवलं हे कळायला सांगलीकरांना सात जन्म लागतील, असं जाहीर करून माळीबुवा यष्टीत बसला. माझं काय होणार, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

घरी भाऊ बांधावर उभा होता.

"किती खपली?"

मी जुड्यांचा भारा तसाच खाली ठेवला. त्यानं त्या गुलाबी रानाकडं बराच वेळ बघितलं.

"दिसतंय मातुर लय झ्याक," म्हणाला, आणि उभ्या फुलांत नांगर घातला. त्याच सरींत उसाची कांडी पुरायला मलाच वाकावं लागलं.