फोनवरचा मामा

आमच्या थोरलीचं लग्न पणदऱ्यात, दारापुढच्या मांडवातच होतं. लग्न लागताना नवरीच्या पाठीमागं मामा उभा राहतो, आणि मला भाऊ एकच, तोही अमेरिकेत. पोरीमागची जागा रिकामी राहते की काय, हीच मला धास्ती. पत्रिका पोचल्यावर शेजारच्या तात्यांकडं त्याचा फोन आला, "आक्का, सुट्टी न्हाय गं, पण आय विल जॉईन यू ऑन फोन." इंग्रजीत बोलला म्हणजे काहीतरी मोठंच करणार, असं धरून मी गावभर सांगत सुटले!

तात्यांनी बारामतीहून लांबलचक वायर आणली आणि त्यांचा फोन मांडवात घेतला. आमच्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "मामा हाय न्हवं? मग मान नको का?" आणि त्यांनी रिसीव्हरला हळदीकुंकू लावलं. तो हातात धरून तात्या नवरीमागं उभे राहिले. पहिल्या मंगलाष्टकालाच लाईन कट झाली. तात्यांना ते कळलं होतं, पण ते हलले नाहीत. शेवटच्या अक्षता पडेपर्यंत मुका फोन धरून ताठ उभे. मामाचा फेटा मी त्यांनाच बांधला.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "आक्का, लाईन गेली, पण आय वॉज देअर इन स्पिरिट."

"म्हंजी रं काय?"

"म्हंजी मनानं हजर होतो."

"बरं झालं बाबा. मग फेटाबी मनानंच बांधून घे. खरा तात्यांनी नेला."