ठरवलं होतं का आत्ता सुचलं?

समोरचा माणूस "मी येतो", "मी करतो" असं काही म्हणाला की सर एक बोट वर करायचे आणि विचारायचे, "ठरवलं होतं का आत्ता सुचलं?"

आर्वीजवळच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे, मी मराठी. शिपाई "चहा आणतो" म्हणाला तरी यांचं बोट वर. तो बिचारा गोंधळून म्हणायचा, "आत्ताच सुचलं जी." "मंग इंग्रजीत विल," सर खूश. "सकाळपासून मनात असतं तं गोइंग टू झालं असतं." या नादात आमचा चहा हमखास लांबायचा.

शाळा सुटली तरी ज्यांचा विषय सुटत नाही असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. यांना भविष्यकाळानं झपाटलं होतं. पोरं सरसकट सगळीकडे विल लावायची, त्याचा त्यांना मनापासून त्रास व्हायचा. सोयाबीनची पोती एका बाजूला कललेला ट्रॅक्टर दिसला की शिकवणं थांबवून अख्खा वर्ग खिडकीशी न्यायचे. "पोती पडणार हे डोयानं दिसून राह्यलं ना? मंग गोइंग टू." एकदा खरंच एक पोतं पडलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि ट्रॅक्टरवाल्यानं अख्ख्या शाळेला शिव्या घातल्या.

पत्रिका वाटून झाल्या की पुढल्या महिन्यातलं लग्नही चालू वर्तमानकाळात. बसचं वेळापत्रक साध्या वर्तमानकाळात. "वर्ध्याची गाडी पाचले सुटते. सुटते म्हणजे सुटतेच."

"कोणत्या डेपोतून?" मी विचारायचो.

"इंग्रजीत सुटते. आपल्या डेपोचं मले नाई ठाऊक."

मी चिडवायचो, आमच्या मराठीत एका 'येईन'मध्ये भागतं, तुमच्या इंग्रजाले येवढी नाटकं काऊन लागतात? ते शांतपणे म्हणायचे, "म्हणूनच तुमी जेवायले येईन येईन म्हणता आन येत नाई."

मग त्यांचा आवाज बसला. तीन वर्गांपलीकडे ऐकू जाणारा तो खणखणीत आवाज घोगरा झाला, तेव्हा आम्ही खडूच्या धुळीला दोष दिला. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं. शेवटी सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासून आले. स्वरयंत्रात गाठ होती, आणि ती साधी नव्हती. ऑपरेशन केलं तर जीव वाचण्याची आशा होती, पण बोलणं कायमचं जाणार होतं.

सर तारीखच घेईनात. आधी म्हणाले, चाचणी परीक्षा होऊ द्या. मग म्हणाले, दिवाळी होऊ द्या. घरचे रडकुंडीला आले. एके दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो, आणि माझं डोकं फिरलं. "लोकायले विचारत फिरता ना? आता तुमी सांगा. ठरवलं हाय का नाई?"

"हिंमत होऊन नाई राह्यली," ते म्हणाले. "मास्तर हाव मी. बोलनं गेलं तं उरते काय?"

"तुमी उरता. आमाले तेवढं पुरते."

"आन माया वर्ग? दहावीचं वर्ष हाय पोरायचं. कोन घेईन?"

"मी घेतो."

त्यांचं बोट अर्धं वर आलं आणि तिथंच थांबलं. "हे आत्ता सुचलं तुमाले," ते हसून म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सेवाग्रामला जाऊन तारीख घेतली.

ऑपरेशन नीट झालं. मी इकडे रोज रात्री डिक्शनरी घेऊन बसायचो आणि सकाळी त्यांच्या वर्गात घाम पुसत उभा राहायचो. मराठीचा मास्तर इंग्रजी शिकवतो म्हणून पोरांना भारी मजा वाटायची. दोनेक महिन्यांनी मी फळ्यावर लिहीत असताना मागे सगळा वर्ग एकदम उभा राहिला. वळून बघितलं तर सर दारात. गळ्याला पांढरा रुमाल, अंग निम्मं झालेलं. त्यांनी हातानंच सगळ्यांना बसवलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

त्यानंतर ते वरचेवर यायला लागले. मी वाक्य लिहायचो. बरोबर असलं की ते गप्प. चुकलं की मागून बाकावर बोटाची टकटक. मग पोरं हसायची, मी पुसून पुन्हा लिहायचो, आणि टकटक थांबेपर्यंत लिहीत राहायचो. इतक्या सुखानं मी आयुष्यात कधी चुकलो नाही.

पुढल्या वर्षी दुखणं उलटलं आणि सर गेले. संस्थेला इंग्रजीचा माणूस काही मिळाला नाही, त्यामुळे वर्ग अजून माझ्याकडेच आहे. वाक्य लिहून झालं की मी खडू धरून क्षणभर थांबतो. मागून काही येत नाही. लिहिलेलं बरोबर आहे की चूक, मला खरंच कळत नाही, आणि पोरं ते तसंच वहीत उतरवून घेतात.