धाकट्याचं विमान

समोरच्यानं बोललेलं खरोखर ऐकून घेणारा माणूस या जगात एकच शिल्लक आहे आणि तो पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावात राहतो, असं माझं ठाम मत आहे. हा गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोचा मामा. नोकरी सगळी मुंबईच्या विमानतळावर. म्हणजे अंधाऱ्या खोलीत रडारसमोर बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि आभाळातल्या वैमानिकांना 'इतके खाली या, इकडे वळा, आता उतरा' असं सांगत राहायचं. निवृत्त होऊन गावी आले, भातशेतीत रमले, पण ती खुर्ची काही अंगातून गेली नाही. त्या नोकरीत म्हणे नियमच असा, की सांगितलेलं वैमानिकानं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. नुसतं 'हो' चालत नाही. मामांनी तो नियम अख्ख्या तालुक्याला लावला. पोलादपूरच्या वाण्याला फोनवर "दोन किलो साखर, एक किलो पोहे" सांगितलं, की तिकडून तसंच्या तसं ऐकू आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. एकदा वाणी वैतागून म्हणाला, "हो हो, कळलं!" मामांनी शांतपणे विचारलं, "काय कळलं?" वाण्याला पोहे काही केल्या आठवेनात. मामी आता जेवताना आपणहूनच म्हणतात, "आमटीत मीठ कमी, ऐकलं. जेवा गुमान."

हवेचं तर विचारूच नका. अंगणात उंच बांबूला मामींचा जुना परकर पिशवीसारखा शिवून टांगलेला आहे. तो कुठल्या बाजूला फुगतो त्यावरून वारा कळतो. मामी पहिल्यांदा चिडल्या, "अख्ख्या गावाला माझा परकर दाखवताय, लाज नाय वाटत?" पण भात उफणायच्या दिवसांत गावातल्या बायका आधी त्या परकराकडे बघतात आणि मगच सूप उचलतात, हे पाहिल्यावर त्यांनीच त्याला दोनदा ठिगळ लावलं. पावसाळ्यात मामांच्या ओटीला कचेरीचं रूप येतं. देवळाचा कळस दिसतो का, शेतापलीकडचा वड दिसतो का, यावरून किती लांबचं दिसतंय ते रोज सकाळी जाहीर होतं. महाबळेश्वरला भाजी नेणारा टेम्पोवाला मुद्दाम वाट वाकडी करून येतो आणि विचारतो, "मामा, घाटात जाव काय?" मामा सांगतात, "वड दिसत नाही. अर्धा तास थांब." तो बिचारा थांबतो. वर "अर्धा तास थांबतो," असं म्हणूनही दाखवतो.

आणि आवाज! प्रसंग जितका बाका तितका मामांचा आवाज सावकाश. मी महाडला शाळेत शिकवतो, सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून त्यांच्याकडे जातो. एकदा ओटीवर पाय सोडून पेपर वाचत बसलो होतो. मामा हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "जावईबापू, हलू नका. उजवा पाय आहे तिथंच ठेवा. डावा हळूच वर घ्या." सवयीनं मी म्हटलं, "उजवा आहे तिथंच, डावा वर घेतो," आणि घेतला. मग त्यांनी काठीनं माझ्या चपलेशेजारचं विषारी फुरसं उचललं आणि बांधापलीकडे सोडून आले. ते बघितल्यावर मी जो ओरडलो, तो मामी म्हणतात पोलादपूरच्या एसटी स्टँडवर ऐकू गेला. "ओरडता कशाला?" मामा म्हणाले. "आता तर संपलं." असा हा माणूस.

पण या माणसाचं एक कोडं मला सुटत नव्हतं. मी जात्याच चौकस; बायकोच्या भाषेत चोंबडा. त्यामुळे मला चैन पडेना. मामांचे धाकटे भाऊ अंगणापलीकडच्या घरात राहतात. बरीच वर्षं दुबईत क्रेन चालवून आलेले, तोंडानं फटकळ, मनानं लोण्याचा गोळा. त्यांची आई अखेरच्या घटका मोजत होती तेव्हा हे दुबईहून विमानानं निघाले. मामांची ड्युटी दुपारी संपायची, मग दोघांनी मिळून गाडीनं गावी यायचं ठरलं होतं. पण मुंबईवर वादळी पाऊस. धाकट्यांचं विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं आणि थेट अहमदाबादला जाऊन टेकलं. ते घरी पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. आई आदल्या दिवशी दिवेलागणीलाच गेली होती. तेव्हापासून पावसाचा जोर वाढला, की हे ओटीवर येऊन सुरू होतात, "घरांचे पत्रे दिसायला लागलेले रे खाली! आनि त्या गाढवानं परत वर धाडलं. कोन बसला व्हता त्या खुर्चीत, एकदा भेटू दे मला!" एरवी वाण्याचा 'हो'सुद्धा खपवून न घेणारे मामा यावर चकार शब्द काढत नसत. उठून परकर बघायला जात. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "त्या वेळी मी चहाला उठलो होतो."

गेल्या श्रावणात मामांच्या आईच्या श्राद्धाला आम्ही सगळे जमलो होतो. जेवणं झाली, ओटीवर पानसुपारी आली, बाहेर पाऊस कोसळत होता आणि धाकट्यांनी नेमानं सुरुवात केली. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हणालो, "पण मामा, तुम्हीच मागं सांगितलं होतं ना, वादळात कुणी चहाला उठत नाही म्हणून? मग त्या खुर्चीत होतं तरी कोण?" बायकोनं माजघराच्या दारातून डोळे वटारले, पण तोवर उशीर झाला होता.

"मी," मामा म्हणाले.

धाकट्यांचा हात पानाच्या तबकातच राहिला. मामा सावकाश बोलायला लागले, भावाशी बोलतात तसं, गावच्या बोलीत. "तुझ्या मागच्या इमानाचं एक इंजिन बंद पडलेलं. पायलटचा आवाज कापत व्हता. पुढं तुझं इमान, नंबर मला पाठ व्हता. तुला फिरवलं आनि त्याला आत घेतलं. तो उतरला, पन टायर फुटून धावपट्टीवरच बसला. मंग तुमाला किती येळ घिरट्या घालायला लावनार? तेल संपायच्या आत अहमदाबादला धाडलं. तुला सांगितलं असतं, तर तू तुटला असतास. भ्यालो मी."

मला वाटलं, संपलं; आपल्या चोंबडेपणापायी दोन भाऊ आज कायमचे वेगळे झाले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"त्या इमानात मानसं किती व्हती?" धाकट्यांनी विचारलं.

"एकशे बासष्ट."

"समदी उतरली?"

"समदी."

"बारा वरसं मी तुला गाढव म्हनतोय, आनि तू ऐकून घेतोस?"

"तुला आयेचं तोंड दिसलं नाय, माझ्यामुळं."

"अरे, पन ती तुझी बी आयच ना!"

मामा खाली बघत होते. म्हणाले, "मी सांजेला पोचलो तवा ती शुद्धीवर व्हती. धाकला कुठं हाय, म्हनाली. मला ठावं व्हतं तू अहमदाबादेत अडकलास. तरी सांगितलं, येतोय. मरत्या आयेला खोटं सांगितलं रे मी."

धाकटे उठले, मामांच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "खोटं कुठं बोललास, दादा? मी येतच व्हतो की."

मामा रडले. ओटीवर, सगळ्यांच्या देखत, लहान मुलासारखे हमसून हमसून रडले आणि आम्ही कुणी त्यांना गप्प केलं नाही. आता पाऊस कितीही लागला तरी धाकटे काही बोलत नाहीत. दोघं भाऊ सुपारी कातरत नुसते बसतात. खरं सांगतो, त्या शिव्यांवाचून ओटी जरा सुनी सुनी वाटते.